रक्तदोषांचे निदान रुग्णाच्या दारी



दिवाळी आटोपली की वर्धा जिल्ह्यात कापसाच्या वेचणीला जोर येतो. देवळी, हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूर या तालुक्यांतील शेतमजूर स्त्रिया सकाळीच शेताची वाट धरतात. वेचलेला कापूस जितका भरेल तितकी मजुरी. समजा, अशाच एखाद्या स्त्रीचे वर्ष-दीड वर्षाचे मूल एका रात्री कळवळून रडू लागते. त्याच्या हातापायांचे पंजे सुजलेले असतात. थंडी बाधली असेल असे समजून घरची म्हातारी शेक देते. दोन दिवसांनी ताप चढतो. मग त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून आई मुलाला घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठते. डॉक्टर तपासतात, औषध देतात, रक्ताचा नमुना घेतात आणि सांगतात की अहवाल काही दिवसांनी मिळेल, त्या वेळी पुन्हा यावे. एव्हाना सूज उतरलेली असते. पुन्हा जाणे म्हणजे पुन्हा एका दिवसाची मजुरी व बसचे भाडे. ती जात नाही. अहवाल येतो, पण तो कपाटात राहतो, आणि ज्याच्या जीवाशी त्या अहवालाचा संबंध आहे ते मूल आपल्या झोपडीत राहते.

या दोन फेऱ्यांमधले अंतर कसे मिटवावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. रक्ताच्या विकारांचे निदान करण्याचे शास्त्र जगात केव्हाच प्रगत झाले. परंतु ते शास्त्र मोठ्या इमारतीत बसून राहिले आणि रुग्णाने त्याच्याकडे चालत जावे, अशी अपेक्षा करीत राहिले. आता हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या, थेंबभर रक्तावर काम करणाऱ्या उपकरणांमुळे हा क्रम उलटा होऊ लागला आहे. तपासणी रुग्णाकडे जाऊ शकते आणि तिचे उत्तर त्याच बैठकीत त्याला मिळू शकते.

विळ्याच्या आकाराची पेशी

विदर्भाच्या दृष्टीने रक्तविकारांमध्ये सर्वांत महत्त्वाचा विकार म्हणजे सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल, मऊ व लवचीक असते. तिचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट एवढाच असतो, आणि आपल्याहून अरुंद अशा केशवाहिनीतूनही ती अंग चोरून सहज पार होते. सिकलसेलच्या रुग्णामध्ये या पेशीतील हिमोग्लोबिन हे द्रव्य सदोष असते. प्राणवायू कमी पडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून कडक तंतू तयार होतात. पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकून पडते. पुढचा रक्तप्रवाह थांबतो व असह्य वेदना सुरू होतात. लहान मुलांच्या हातापायांना येणारी सूज ही पुष्कळदा याच आजाराची पहिली खूण असते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे अशा रुग्णाला रक्तक्षय कायमचाच जडलेला असतो.

हा विकार १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रथम शास्त्रीय नियतकालिकात वर्णन केला. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या रचनेत सापडण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. पुढे १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या दोषाची नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. दोष एवढाच, पण त्यामुळे सबंध आयुष्याचा मार्ग बदलतो.

भारतात हा विकार आहे हे १९५२ मध्ये निलगिरी व आसाम येथील पाहण्यांतून उघड झाले. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला अभ्यास 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भातील या प्रश्नाची शास्त्रीय नोंद अशी सहा दशकांहून अधिक जुनी आहे. महाराष्ट्रात गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी जमातींमध्ये या दोषाचे वाहक मोठ्या प्रमाणावर आढळतात. विदर्भात अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही ते आढळून येतात. म्हणून हा केवळ डोंगराळ भागाचा प्रश्न आहे, असे समजून वर्ध्यासारख्या सपाटीवरील जिल्ह्याने स्वस्थ राहणे योग्य ठरणार नाही.

हा दोष एखाद्या विशिष्ट प्रदेशात टिकून का राहिला, याचेही उत्तर शास्त्राने दिले आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की ज्याच्याकडे हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो, त्याला हिवतापाच्या घातक प्रकारापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांमध्ये हा दोष टिकला, तो अशा रीतीने. त्यात कोणाचे पाप नाही, कोणाचा दोष नाही.

वाहक आणि रुग्ण

येथे एक भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले तर ती व्यक्ती 'वाहक' ठरते. तिला सहसा कोणताही त्रास नसतो. ती शेतात राबते, शिकते, नोकरी करते. दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मात्र ती व्यक्ती 'रुग्ण' ठरते. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक अशी असते. हा हिशेब दर खेपेस नव्याने लागू होतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असे मानणे चुकीचे आहे.

वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसल्यामुळे तो आपण होऊन दवाखान्यात येत नाही. याचाच अर्थ असा की तपासणीनेच त्याच्यापर्यंत जावयास हवे.

जुन्या चाचण्या व त्यांच्या मर्यादा

सिकलसेलच्या शोधासाठी अनेक वर्षे वापरात असलेली सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे विद्राव्यता चाचणी. नळीतील रासायनिक द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. सदोष हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी उपयुक्त आहे, पण रुग्ण कोण व वाहक कोण, हे ती सांगत नाही. शिवाय सहा महिन्यांच्या आतील बालकात ती विश्वसनीय नाही, कारण त्या वयात रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते व सदोष हिमोग्लोबिन थोडे असते.

म्हणून पुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. या चाचण्या. दोन्ही भरवशाच्या आहेत. परंतु त्यांना लाखो रुपयांची यंत्रे, अखंड वीज, शीतकपाट, शुद्ध रसायने व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. अशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असते. नमुना तेथपर्यंत पोहोचतो, उत्तरही तयार होते. ते परत गावी पोहोचणे हेच कठीण ठरते, आणि आरंभी वर्णिलेली आई नेमक्या याच ठिकाणी वैद्यकीय व्यवस्थेच्या हातून निसटते.

थेंबभर रक्ताची प्रयोगशाळा

या अडचणीवर ज्या तंत्राने मार्ग दाखविला त्यास मायक्रोफ्लुइडिक्स असे म्हणतात. केसाएवढ्या बारीक वाहिन्यांमधून द्रव वाहवून त्याची तपासणी करावयाची, हे या तंत्राचे सार होय. एवढ्या अरुंद वाटेत द्रव खळखळत नाही, तर थरांनी शिस्तीत वाहतो. त्यामुळे तो कोठे वळेल व किती वेळात पोहोचेल, हे आधीच ठरवता येते. द्रव्य अगदी थोडे लागते, रसायन थोडे लागते आणि क्रिया काही मिनिटांत पूर्ण होते. काही उपकरणांत तर पंपाचीही गरज नसते. समईच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तसे रक्त कागदातून किंवा बारीक वाहिनीतून पुढे सरकते.

हे तंत्र ग्रामीण भागास वाटते तितके अपरिचित नाही. आशा कार्यकर्तीच्या पिशवीतील गर्भनिदानाची पट्टी व हिवतापाची पट्टी याच तत्त्वावर चालते. सिकलसेलसाठीही आता अशा पट्ट्या उपलब्ध आहेत. बोटाच्या टोकावरून घेतलेले एक-दोन मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचाही लहानसा अंश एवढे रक्त त्यांना पुरते. पट्टीवर ठरावीक ठिकाणी लावलेली प्रतिपिंडे निरोगी व सदोष हिमोग्लोबिन वेगवेगळे ओळखतात. त्यामुळे व्यक्ती निरोगी, वाहक की रुग्ण, हे दहा-पंधरा मिनिटांत कळू शकते.

दुसरा मार्ग विजेचा आहे. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उमुत गुर्कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसची सबंध प्रक्रिया एका लहानशा प्लॅस्टिकच्या पेटीत बसविली. तिच्यात सेल्युलोज ॲसिटेटच्या कागदाची एक पट्टी असते. तिच्यावर रक्ताचा ठिपका देऊन दोन टोकांना विजेचा दाब लावतात. शंकरपटात दोन जोड्या एकाच वेळी सुटाव्यात आणि एक पुढे निघून दुसरी मागे पडावी, तसे येथे होते. निरोगी हिमोग्लोबिनवर ऋण विद्युतभार अधिक असल्याने ते धन टोकाकडे वेगाने धावते. सदोष हिमोग्लोबिनवर तो भार कमी, म्हणून ते मागे राहते. दहा मिनिटांच्या आत कागदावर निरनिराळे पट्टे उमटतात व यंत्र ते वाचते. यंत्र विद्युतघटावर चालते आणि हातात धरून नेता येते. या तंत्राच्या चाचण्या आफ्रिका व आग्नेय आशियाबरोबरच मध्य भारतातही घेण्यात आल्या, ही आपल्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होय.

तिसऱ्या प्रकारात पेशीचीच परीक्षा घेतली जाते. याचे मूळ वॉलेस कोल्टर यांच्या शोधात आहे. बारीक छिद्रातून रक्तपेशी एकेक करून जाऊ दिल्या तर प्रत्येक पेशीगणिक विजेचा रोध क्षणभर बदलतो, हे तत्त्व त्यांनी मांडले व १९५३ साली त्यास एकस्व मिळाले. जगभरातील रक्तपेशी मोजण्याची यंत्रे पुढे या तत्त्वावर उभी राहिली. आता हेच तत्त्व सूक्ष्म वाहिन्यांत आणून, प्राणवायू कमी केल्यावर पेशी कशी ताठरते व तिच्या विद्युत गुणधर्मात काय फरक पडतो, हे मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. फ्लॉरिडा अटलांटिक विद्यापीठात या दिशेने संशोधन झाले आहे. अशी साधने परिपक्व झाली तर त्यांचा उपयोग केवळ आजार आहे की नाही, एवढ्यापुरता राहणार नाही. औषधाचा गुण येत आहे की नाही, हेही रुग्णाच्या घरी बसून कळू शकेल.

उपकरण स्वस्त करण्यासाठी बुद्धी किती साध्या वस्तूपाशी वळते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. गुंडीच्या दोन भोकांतून दोरा ओवून तो पिळावयाचा आणि ओढला की गुंडी गरगरते, ही भिंगरी खेड्यापाड्यांतील मुले आजही खेळतात. भारतात जन्मलेले व स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्य करणारे मनू प्रकाश यांनी याच खेळण्याचा अभ्यास करून कागदाचे, हाताने फिरविण्याचे यंत्र तयार केले. २०१७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंतचा वेग घेणारे हे यंत्र विजेशिवाय रक्तातील पेशी व द्रव वेगळे करू शकते. त्याचा खर्च काही रुपयांच्या घरात आहे.

चरख्याच्या अटी

खेड्यासाठी यंत्र कसे असावे, हा विचार महात्मा गांधींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र वजनाला हलके असावे, सहज नेता यावे, भारतातील साध्या झोपडीत हाताने अथवा पायाने चालविता यावे, एखाद्या स्त्रीला फारसे श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे, त्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते वीस वर्षे टिकावे आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. एवढी मोठी रक्कम ठेवूनही ती कोणाला दिली गेली नाही, कारण एकही नमुना सर्व अटींस उतरला नाही. अटी सैल करून पारितोषिक देण्याचा मोह टाळण्यात आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पुढे रुग्णाजवळ करावयाच्या चाचण्यांसाठी काही कसोट्या मांडण्यात आल्या. चाचणी परवडणारी असावी, आजार सोडू नये, निरोग्यास रोगी ठरवू नये, वापरण्यास सोपी असावी, लवकर उत्तर देणारी व टिकाऊ असावी, मोठ्या यंत्रावाचून होणारी असावी आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचणारी असावी. या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर त्यांतील साम्य चटकन लक्षात येते. दोहोंचा प्रश्न एकच आहे. यंत्र कोणासाठी आहे?

वर्ध्याच्या हवामानात या कसोट्यांना आणखी एक जोड द्यावी लागते. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. अनेक पट्ट्या ३० अंशांच्या आसपासच्या तापमानापर्यंतच सुरक्षित राहतात. पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेली पट्टी चुकीचे उत्तर देऊ शकते. म्हणून साठवणुकीची व्यवस्था हा तपासणीचाच भाग समजला पाहिजे.

दक्षता कोणती घ्यावी?

सुटसुटीत उपकरण म्हणजे निष्काळजीपणाला मुभा नव्हे. उलट प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची दक्षता आता उपकेंद्रातील परिचारिकेला व आरोग्यसेवकाला अंगी बाणवावी लागेल. पट्टीवरील नियंत्रण रेषा उमटली नाही तर ती चाचणी रद्द समजून नव्याने करावी. काही पट्ट्यांत रेषा उमटणे म्हणजे ते हिमोग्लोबिन नसणे, असा उलटा अर्थ असतो. गर्भनिदानाच्या पट्टीची सवय असलेल्या कार्यकर्तीकडून येथे चूक होण्याचा संभव असल्याने प्रशिक्षणात यावर विशेष भर द्यावयास हवा. गेल्या तीन महिन्यांत रुग्णास रक्त देण्यात आले आहे काय, हे आधी विचारले पाहिजे, कारण दात्याचे हिमोग्लोबिन चाचणीची दिशाभूल करते. आणि शिबिरात सदोष आढळलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या निदानाची खात्री एच.पी.एल.सी. सारख्या चाचणीने करून घ्यावी. लहान उपकरणाने मोठ्या प्रयोगशाळेचे काम संपत नाही. नेमके कोणाचे नमुने तिच्याकडे पाठवावयाचे, हे मात्र त्यामुळे ठरते आणि तिच्यावरील भार हलका होतो.

रक्तक्षयाच्या सर्वसाधारण प्रश्नालाही हे लागू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. हिमोग्लोबिन मोजणारी हातातील यंत्रे अनेक आरोग्य केंद्रांत पोहोचली आहेत. परंतु ती रक्त कमी आहे एवढेच सांगतात, का कमी आहे हे सांगत नाहीत. लोहाची कमतरता हे मोठे कारण खरे, पण एकमेव नव्हे. लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही ज्या मुलीचे हिमोग्लोबिन वाढत नाही, तिला आळशी किंवा बेपर्वा ठरविण्यापूर्वी तिची सिकलसेल व थॅलॅसेमियासाठी तपासणी करणे हे आपले कर्तव्य होय.

निदानानंतर काय?

एवढे करून निदान झाले, तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर निःसंशय आहे. सिकलसेलचे रुग्ण असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्युमोकोकस जंतूंचा घातक संसर्ग मोठ्या प्रमाणावर टळतो, हे १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. लाभ इतका स्पष्ट होता की ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. एक साधे, स्वस्त औषध मूल वाचविते. पण ते कोणास द्यावयाचे, हे वेळेवर ठाऊक असेल तरच. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या बालकांना शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी व ठरावीक मात्रेत ते देऊन पाहिले. झटके, रुग्णालयातील भरती व रक्त देण्याचे प्रसंग बरेच कमी झाल्याचे त्यांना आढळून आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास विदर्भातील मुलांवर विदर्भातच झालेला आहे, हे त्याचे विशेष मोल. याखेरीज लसीकरण, फॉलिक आम्ल, भरपूर पाणी, थंडीपासून व अतिश्रमांपासून जपणूक, आणि ताप येताच विलंब न लावता दवाखाना गाठणे, या गोष्टी आई-वडिलांनाही सहज समजतात.

राष्ट्रीय पातळीवर १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. महाराष्ट्र हे या अभियानातील सतरा राज्यांपैकी एक राज्य आहे. त्यापूर्वी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, हिमोग्लोबिनच्या विकारांचे संशोधन, उपचार व नियंत्रण यांसाठीचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र चंद्रपूर येथे राष्ट्रास अर्पण करण्यात आले. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही सिकलसेल, थॅलॅसेमिया व हिमोफिलिया या रक्तविकारांचा समावेश झाला आहे.

तरीही सर्वांत कठीण काम कायद्याने किंवा यंत्राने होणारे नाही. घरोघर तपासणी सुरू झाली की 'आमच्या मुलीचे रक्त खराब निघाले, आता तिचे लग्न कसे होणार?' हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळदा सारा ठपका आईवर येतो. वस्तुतः मूल रुग्ण असेल तर सदोष जनुक आई व वडील दोघांकडून आलेले असते. वाहक असणे हा आजार नव्हे, कलंक तर मुळीच नव्हे. दोन वाहकांनी विवाह करण्यापूर्वी पूर्ण माहिती घ्यावी आणि विवाह झालेला असल्यास गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच वैद्यकीय सल्ला घ्यावा, एवढेच शास्त्राचे सांगणे आहे. चाचणीचे उत्तर दहा मिनिटांत मिळू लागले म्हणून ते चारचौघांत मोठ्याने सांगण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. ते ज्याचे त्याला, एका बाजूस बसवून, त्याच्या भाषेत, समजावून सांगितले पाहिजे. उपकरणाने वाचविलेला वेळ या संभाषणासाठी वापरला जावा.

वर्धा जिल्ह्यासमोरील संधी

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास होती. जिल्हा लहान आहे, पण वैद्यकीय परंपरेने समृद्ध आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. येथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथील घरांत जाते, माणसांना नावाने ओळखू लागते. याच परिसरात शेतकऱ्यांनी व शेतमजुरांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी भरून आपल्या गावाचा आरोग्य विमा उतरविला होता. ज्या गावाने दवाखान्याच्या कोठारात ज्वारी टाकली, ते गाव त्या दवाखान्यास आपले समजू लागले. सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाचीही जिल्ह्यास जोड आहे.

नव्या उपकरणांची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागू शकेल. शाळेच्या व्हरांड्यात, अंगणवाडीत, लसीकरणाच्या दिवशी, प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळाच्या टाचेवरील थेंबावर, आणि वेचणीच्या दिवसांत प्रत्यक्ष शेताच्या बांधावर ही तपासणी होऊ शकते. उपकेंद्राने तपासावे, मोठ्या रुग्णालयाने खात्री करावी, औषध पुन्हा उपकेंद्रातच दरमहा मिळावे, आणि रुग्णाची नोंद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हरवू नये, अशी साखळी उभी राहिली तर थेंबभर रक्तावर चालणारे हे यंत्र सार्थकी लागेल. साखळीतील एक कडी जरी तुटली तरी मग तपासणीचे आकडे वाढतील, पण मूल होते तेथेच राहील.

दरवर्षी १९ जून हा दिवस जागतिक सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, फेऱ्या निघतात. त्याच दिवशी गावोगावच्या तरुण-तरुणींनी, विशेषतः लग्नाचे वय झालेल्यांनी, आपली तपासणी करून घेण्याचा परिपाठ पाडला तर त्या दिवसाला खरा अर्थ येईल. सरपंच, शिक्षक, अंगणवाडी सेविका व महिला बचत गट यांनी पुढाकार घेऊन प्रथम स्वतःची तपासणी करून घ्यावी. भीती जाण्यास याहून सरळ उपाय नाही.

आरंभी उल्लेखिलेली ती शेतमजूर स्त्री पुन्हा डोळ्यांसमोर आणावी. तिला रुग्णालयाच्या दोन फेऱ्या परवडत नाहीत. आरोग्यसेविका तिच्या वस्तीवर येते, मुलाच्या बोटावरून रक्ताचा थेंब घेते, आणि कापसाचे ओझे उतरवून ती माऊली पाणी पीत असतानाच तिला उत्तर मिळते. त्याबरोबर पहिल्या महिन्याचे औषध मिळते, आणि पुढच्या महिन्यात कोणी तरी पुन्हा येईल, हा भरवसाही मिळतो. एवढे घडले म्हणजे विज्ञान खऱ्या अर्थाने तिच्या दारी पोहोचले, असे म्हणता येईल.